नऊ नंबरचा रकाना

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाने चारा कार्डावरचा नऊ नंबरचा रकाना रद्द केला. ठराव तीन ओळींचा होता. मांडणारे म्हणून अध्यक्षांचं नाव आहे, अनुमोदक म्हणून एका संचालकांचं. ज्या माणसामुळे तो ठराव झाला, त्याचं नाव इतिवृत्तात नाही. मीही इथे लिहीत नाही. त्यांना ते चाललं नसतं.

कोणताही कागद समोर आला की ते चष्मा कपाळावर सरकवत, उजव्या हाताचं बोट कागदावरच्या एखाद्या शब्दावर ठेवत आणि समोरच्याला विचारत, "हे कुणी मागितलं?" उत्तर आलं की बोट न हलवता दुसरा प्रश्न येई, "आन् त्याचं पुढं काय होतं?" दोन्ही उत्तरं मिळेपर्यंत बोट तिथून उठत नसे. संघातले लोक माघारी त्यांना 'बोटवाले साहेब' म्हणत. एकदा शिपाई तोंडावरच बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. ते म्हणाले, "असू द्या. बोट माझंच हाय."

त्यांचं पद होतं 'सहायक (कार्यपद्धती)'. कुठल्याशा परिपत्रकामुळे ते निर्माण झालं होतं आणि त्या पदावरच्या माणसाने नेमकं काय करायचं, हे परिपत्रकात नव्हतं. पहिला महिना त्यांनी स्वतःचं पद कुणी मागितलं याचा शोध घेण्यात घालवला, असं कारकून सांगत. उत्तर मिळालं नाही. मग ते कामाला लागले.

काम म्हणजे बसणं. खताचं पोतं ट्रकमधून उतरल्यापासून शेतकऱ्याच्या गाडीत पडेपर्यंत ते त्या पोत्याच्या मागे असत. कोण कुठे सही करतो, कोण कुणाची वाट बघतो, कागदाच्या किती प्रती निघतात, ते एका वहीत लिहीत. वहीच्या प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने होते: काय करतात, कुणी मागितलं, पुढे काय होतं.

बियाणं विभागात पावतीच्या चार प्रती निघत. चौथी गुलाबी. पहिल्या तिन्हींचा माग लागला, गुलाबी प्रतीचा लागेना. शेवटी ती गोदामाच्या माळ्यावर पोत्यांत सापडली. कित्येक वर्षांत कुणी ती पोती सोडली नव्हती. सोडली तेव्हा आत उंदरांची तीन घरं निघाली. त्यांच्या टिपणात नोंद आहे: "चौथी प्रत उंदीर वापरतात." व्यवस्थापकांनी टिपण वाचलं, हसले, आणि पुढच्या महिन्यापासून तीनच प्रती निघू लागल्या. ज्या कारकुनाचा त्या प्रती लिहिण्यात रोजचा तास जाई, तो त्यांना पुढे कैक दिवस चहा पाजत होता.

टिपणाखाली ते सही करत नसत. का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "टिपण माझं कुठं हाय? सांगणारांनी सांगितलं, म्या लिहिलं."

आता या कामाला नाव आहे. पुण्यात माझी भाची एका कंपनीत नोकरी करते. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'बिझनेस अ‍ॅनालिस्ट' असं लिहिलेलं असतं. तू करतेस काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "लोक एक मागतात, त्यांना लागतं दुसरंच. मधलं अंतर मी शोधते." त्यासाठी ती लोकांशी बोलते, काम कसं चालतं याची चित्रं काढते आणि कोणती गोष्ट कुणाच्या सांगण्यावरून आली, याचा तक्ता ठेवते. मी तिला आमच्या संघातल्या त्या वहीबद्दल सांगितलं. तिने विचारलं, "त्यांना हे कुणी शिकवलं?"

कुणी शिकवलं हे मला पक्कं माहीत नाही. त्यांनी एकदा जे सांगितलं ते लिहितो. ते जळकोटकडचे. निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांकडे गावकीचं काम होतं. सरकारी टपाल या गावातून त्या गावात पायी पोचवायचं. पाऊस असो, ऊन असो, हातात काठी आणि फडक्यात गुंडाळलेले कागद. वडिलांना अक्षर येत नव्हतं. छप्पन साली घराने धम्म स्वीकारला, गावकीची कामं सोडली. मुलगा तोवर शाळा संपवून नोकरीला लागला होता. "बापानं जन्मभर कागद वाहिले," ते म्हणाले. "त्यात काय हाय, कुणी धाडलं, पुढं त्याचं काय झालं, त्याला कुणी सांगितलं न्हाय. त्यानं इचारलं बी न्हाय. म्या इचारतो."

एवढं बोलून त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विषय बदलला.

मी त्या काळात तालुक्याच्या गावातल्या एका छापखान्यात होतो. छापखान्याचं स्वतःचं साप्ताहिक निघे. त्याच्या बातम्या मी लिहीत असे आणि बाकीच्या वेळात छपाईच्या कामांची प्रुफं तपासत असे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, संघाचे फॉर्म, सगळं माझ्या टेबलावरून जाई.

त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि संघाने गावाबाहेर हमरस्त्याला चारा डेपो उघडला. पद्धत साधी होती. तलाठ्याने जनावरांचा दाखला द्यायचा, त्यावर संघाने कार्ड द्यायचं, कार्डावर आठवड्याला ठरलेला कडबा न्यायचा. कार्डावर नऊ रकाने होते. पहिल्या आठांत नाव, गाव, जनावरं, पेंढ्या वगैरे. नववा होता: 'जनावर समक्ष पाहिले', आणि त्याखाली सहीची जागा.

त्यामुळे दर आठवड्याला माणसांबरोबर जनावरंही डेपोवर येत. तीन-तीन, चार-चार कोस चालत. सकाळी दहाला हमरस्त्यावर दोन रांगा लागत, एक माणसांची, एक जनावरांची. दुपारपर्यंत एसटीला वाट मिळत नसे. एक म्हातारा शेतकरी रांगेत मला म्हणाला, "निम्मा कडबा जाताना रस्त्यालाच चारावा लागतोय. उरलेला घरी न्हेला की बैल इचारतो, मालक, पुन्ना कवा जायचं डेपोला?" आजूबाजूचे हसले. मी ते साप्ताहिकात छापलं. रकान्याबद्दल मला काही शंका आली नाही.

गर्दीची तक्रार वाढली तेव्हा संचालक मंडळाने 'सहायक (कार्यपद्धती)' यांना टिपण द्यायला सांगितलं. विषय होता, डेपोवरील गर्दी कमी करणे. अध्यक्षांना सगळे आण्णा म्हणत. जनावरांसाठी मोठा मांडव आणि पाण्याचा हौद बांधू, असं आण्णा आधीच एका सभेत बोलून बसले होते. टिपणात तेच यावं, अशी त्यांची अपेक्षा होती आणि ती त्यांनी लपवलीही नव्हती.

बोटवाले साहेब तीन दिवस डेपोच्या फाटकाजवळ एका दगडावर बसून होते. मी बातमीसाठी जाई तेव्हा ते मला शेजारी जागा करून देत. "बसा, बातमीदार. कारकुनाला समोरून इचारलं की त्यो घाबरतो. शेजारी बसलं की बोलतो."

तिसऱ्या दिवशी सोजरबाई आल्या. लोहाऱ्याच्या वाटेवर तीन कोसांवर एक वाडी आहे, तिथल्या. एकट्या, पन्नाशीच्या, डोक्यावर रिकामी चुंबळ. बरोबर गाय नव्हती. डेपोच्या कारकुनाने कार्ड हातात घेतलं, नवव्या रकान्यापर्यंत आला आणि थांबला.

"मावशी, गाय कुठंय?"

"घरी हाय. गाभण हाय, दिस भरत आलेत. मागल्या खेपेला येताना वढ्यात बसली ती उठंना. चौघांनी उचलली. आता कशी आणू?"

"मग मी सही कशी करू?"

"आरं, तलाठ्याचा कागद हाय की! गाय हाय असं त्यानं लिवलंय."

"लिहिलंय. पण हितं 'समक्ष' म्हटलंय. वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"वर सांग, सोजरीची गाय मेली तर तिला उचलून आणून दाखविती म्हनावं!"

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने मान खाली घातली, पण कार्ड परत केलं. सोजरबाई तिथेच फाटकाच्या सावलीत बसल्या. दोन पेंढ्या तरी मिळाल्याशिवाय गाय तग धरणार नाही, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. भांडून झालं होतं. आता आवाजात नुसती माहिती होती.

साहेब दगडावरून उठले. त्यांनी कार्ड मागून घेतलं, चष्मा कपाळावर नेला आणि नवव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे कुणी मागितलं?"

कारकून म्हणाला, "वरून आलंय, साहेब."

"वर म्हंजे?"

"व्यवस्थापक."

ते कार्ड घेऊन साहेब संघाच्या कचेरीत गेले. मी मागोमाग गेलो, बातमी मिळेल म्हणून. व्यवस्थापक म्हणाले, वरून आलंय, तहसील कचेरीतून. तहसीलमधल्या अव्वल कारकुनांनी कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, आमचं नाही हे, ढोरांच्या डॉक्टरांनी मागितलं असेल. डॉक्टर म्हणाले, "मला वाटलं संघाचा नियम आहे. मला कशाला हवंय? मी गावात जाऊन बघतोच." मग पुन्हा तहसीलमध्ये अव्वल कारकुनांनी चारा वाटपाच्या मूळ आदेशाची प्रत काढून दिली. साहेबांनी ती उभ्यानेच दोनदा वाचली. तलाठ्याचा दाखला पुरे, असं त्यात स्वच्छ होतं. जनावर दाखवण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"वर तर कुणीच न्हाय," साहेब म्हणाले. "आता खाली बघू."

खाली म्हणजे छापखाना. संघाने पाठवलेला हस्तलिखित मसुदा आमच्याकडे फाइलला होता. तो मी काढून दिला. साहेबांनी रकाने मोजले. आठ होते. मसुद्याच्या कडेला संघातल्या कुणीतरी लिहिलं होतं: 'आकार बैल-कर्जाच्या फॉर्माप्रमाणे.'

पुढचं सांगायला आमचे, अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर आले. बैल-कर्जाचा फॉर्म दर वर्षी लागे, म्हणून त्याचे जुळवलेले खिळे ते सुतळीने बांधून फळीवर तसेच ठेवत. चारा कार्डाची घाई होती. आकार तोच म्हटल्यावर त्यांनी तोच बांधलेला फर्मा सुतळी सोडून घेतला, मथळा बदलला, आठ रकान्यांचे शब्द बदलले. नववा रकाना राहिला. कर्ज देताना बैल खरंच विकत घेतलाय का, हे बघावं लागतं, म्हणून त्या फॉर्मावर तो होता. चारा कार्डावर तो आपोआप आला.

"मग प्रूफ कुणी बघितलं?" साहेबांनी विचारलं.

प्रूफ फाइलला मसुद्याच्या मागेच टाचलेलं होतं. त्यावर दोन दुरुस्त्या लाल शाईत होत्या. दोन्ही बरोबर होत्या. खालच्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची सही होती. साहेबांनी सहीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

सही माझी होती. मी शब्द तपासले होते. रकाने मसुद्याशी ताडून पाहिले नव्हते.

त्यांनी काही विचारलं नाही. मी त्यांना पुढे पंधरा वर्षं पाहिलं, उत्तर मिळायच्या आधी त्यांचं बोट कागदावरून उठलेलं मला तेवढ्या एकाच वेळी आठवतं. म्हणाले, "सायकल हाय का तुमच्याकडं?"

"आहे."

"मला चालवता येत न्हाय. म्या मागं बसतो. तुम्ही हाणा. खिळे तुमच्याच छापखान्याचे हायेत."

रकाना रद्द करायला ठराव लागणार होता आणि संचालकांची बैठक आठ दिवसांनी होती. तोवर कारकून सहीशिवाय कडबा सोडणार नव्हता आणि साहेबांना त्याच्यावर दबाव आणायचा नव्हता. वाटेत ते फाटकाशी थांबले. सोजरबाईंना म्हणाले, "मावशी, तुम्ही व्हा पुढं. आमी तुमची गाय बघाया येतो." मग कारकुनाला म्हणाले, "समक्ष बघायचं म्हटलंय. ते डेपोतच बघायचं, असं कुठं लिहिलंय?"

कारकुनाने रकाना पुन्हा वाचला. म्हणाला, "नाही लिहिलं."

सायकल मी हाणत होतो. वारा समोरून होता. साहेब मागे बसून वही सांभाळत होते आणि चढ आला की उतरून चालत होते. वाटेत सोजरबाईंची गाठ पडली, तेव्हा ते उतरले आणि उरलेली वाट त्यांच्याबरोबर चालले. मी सायकल हातात धरून मागे.

गाय पाल्याच्या छपराखाली बसली होती. बरगड्या मोजता येत होत्या, पोट मोठं होतं. साहेब समोर उकिडवे बसले. गायीने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी गायीकडे पाहिलं.

सोजरबाई म्हणाल्या, "उठवू का, सायेब? उठंल, पर तरास हुईल तिला."

"नगं. बसू द्या. उभी पाहिजे, असं कुठं म्हटलंय?"

त्यांनी कार्ड माझ्या सायकलच्या सीटवर ठेवलं आणि नवव्या रकान्यात लिहिलं: "बसलेली पाहिली." खाली सही केली. संघाच्या कागदांवर मी त्यांची पाहिलेली ती पहिली सही.

"ह्येवढ्यासाठी तुमी हितवर आलाव?" सोजरबाईंनी विचारलं.

"मावशी, तुमची गाय तीन कोस येणार, त्यापरीस म्या येणं सोपं. म्या काय गाभण न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारकुनाने सोजरबाईंचा आठवड्याचा कडबा मोजून दिला. मी सायकलला बांधून दोन खेपांत तो वाडीवर पोचवला.

बैठकीपर्यंतच्या आठ दिवसांत डेपोचा तो कारकून आणि संघातले आणखी दोघे गावोगाव फिरून जनावरं 'समक्ष' पाहत होते. ज्यांची ढोरं चालू शकत नव्हती, त्यांच्याकडे आधी. डेपोवरची जनावरांची रांग बैठकीच्या आधीच निम्मी झाली.

टिपण अर्ध्या पानाचं होतं. "रकाना नऊ: कुणीही मागितलेला नाही. छपाईत राहिला. काढावा." माझं नाव त्यात नव्हतं. चूक माझी आहे, तसं लिहा, असं मी त्यांना आदल्या दिवशी म्हणालो होतो. त्यांनी विचारलं, "नाव कुणी मागितलंय?"

बैठकीला पत्रकार म्हणून मला बसू दिलं होतं. आण्णांनी टिपण दोनदा वाचलं. जनावरं येणारच नसतील, तर मांडव कुणासाठी, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"आन् माझ्या मांडवाचं काय? म्या चार लोकांत बोललोय."

साहेब उभे राहिले. "मांडव पाहिजेच, आण्णा. ढोरं येणार न्हाईत, पण माणसं रांगेत हायेतच की. त्यांच्या डोक्यावर बी ऊनच पडतं. धाकटा बांधा. हौदाच्या जागी दोन रांजण ठेवा."

आण्णांनी इकडे-तिकडे पाहिलं. "मंग म्याच मांडतो ठराव," ते म्हणाले.

मांडव झाला. त्यावर आण्णांच्या नावाची पाटी लागली. पाटी आमच्याच छापखान्याने रंगवून घेतली आणि मी ती मसुद्याशी तीनदा ताडून पाहिली.

आषाढात सोजरबाई संघाच्या कचेरीत आल्या. हातात पितळी डबा होता. साहेब टेबलाशी होते. मी ठरावाच्या प्रती द्यायला गेलो होतो. बाईंनी डबा साहेबांच्या वहीवरच ठेवला आणि झाकण काढलं. आत गुळाचा खरवस होता, वर वेलदोडा.

"कालवड झाली," त्या म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. बोट डब्याकडे गेलं. सगळ्या कचेरीला ठाऊक होतं, पुढे काय येणार.

"मावशी, हे कुणी मागि—"

"कुणी न्हाय मागितलं. खावा गुमान."

कचेरीत असं हसू मी नंतर कधी ऐकलं नाही. साहेबही हसत होते. सोजरबाई डबा रिकामा होईपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहिल्या. पहिला तुकडा साहेबांनी डेपोच्या कारकुनाला दिला.

पुढच्या दशकात पुन्हा एकदा पाऊस फिरला आणि डेपो उघडावा लागला. चारा कार्ड त्याच फर्म्यावर छापलं गेलं. छापखान्यात नवी माणसं होती. त्यांनी नवव्या रकान्याचे शब्द काढले होते, चौकट तशीच ठेवली होती. मी तोवर उस्मानाबादेला एका दैनिकात गेलो होतो. डेपो पाहायला आलो, तेव्हा साहेब त्याच दगडावर बसले होते. केस पिकले होते, सेवानिवृत्तीला थोडे महिने उरले होते.

"बातमीदार, हे बघा," म्हणत त्यांनी एक कार्ड पुढे केलं. रिकाम्या नवव्या चौकटीत आडवी रेघ मारलेली होती. दुसऱ्या कार्डावरही. तिसऱ्यावरही. खिडकीतला तरुण कारकून प्रत्येक कार्डावर पट्टी ठेवून रेघ मारत होता.

साहेबांनी त्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर होतं, "रेघ मारायची पद्धत आहे."

"काढायला सांगणार का?" मी विचारलं.

"बघतो. आधी कुणी मागितली ते तर कळू द्या." आणि ते मनापासून हसले.

सेवानिवृत्तीनंतर ते जळकोटकडच्या आपल्या गावी राहायला गेले. गावच्या दूध संस्थेत रोज सकाळी मापाशेजारी बसून असत, असं ऐकलं. ते गेल्याची बातमी मला दोन आठवड्यांनी कळली. मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि ट्रंकेतून वह्या काढून समोर ठेवल्या. "तुमी वाचा," त्या म्हणाल्या. "मला त्यात समदं संघाचंच दिसतंय."

वह्या मी दिवसभर वाचल्या. रेघेची नोंद शेवटच्या वहीत आहे. 'कुणी मागितलं' या रकान्यात 'चौकशी बाकी' असं लिहिलेलं आहे.

त्र्याहत्तरच्या वहीत आषाढातलं एक पान आहे. त्या दिवशीची नोंद एकच. पहिल्या रकान्यात: 'खरवस, पितळी डबा एक.' दुसऱ्यात: 'कुणीही नाही.' तिसऱ्यात, पुढे काय होतं याखाली: 'संपला. डबा धुऊन परत केला.'